समोरच्याची बाजू: कोल्हापुरात दोन देशांचा कायदा ऐकताना

"आंतरराष्ट्रीय" हा शब्द कानावर पडला की माझ्या कपाळाला आठी पडते. आमच्याकडच्या लॉ कॉलेजांत आंतरराष्ट्रीय परिषद म्हणजे काय, तर बॅनरवर दोन झेंडे, उद्घाटनाला तासभर उशीर, शाल-श्रीफळ, आणि दुपारी गार झालेला पुलाव. परदेशी पाहुणा एकच, तोही पडद्यावर, आणि "ॲम आय ऑडिबल?" यातच त्याचा निम्मा वेळ जातो. त्यामुळे माझी मैत्रीण अनुराधा हिनं फोन करून "कोल्हापूरला ये, आमच्याकडे डच विद्यापीठाची मुलं आलीयेत, आमची मुलं आणि ती मिळून खटला चालवणार आहेत, तुला न्यायाधीश म्हणून बसायचंय" असं सांगितलं, तेव्हा मी सरळ म्हटलं, "अनु, मला दिवाणी कोर्टाच्या तारखा आहेत. पुलाव तू खा."

ती हसली. अनु आणि मी पुण्याच्या होस्टेलात एका खोलीत राहिलो. मी जळगावला येऊन काळा कोट चढवला, ती कोल्हापुरात तौलनिक कायदा शिकवायला लागली. तौलनिक कायदा म्हणजे एकच भांडण दोन देशांत कसं सुटतं ते शेजारी शेजारी ठेवून बघायचं. "एक नियम सांगते," ती म्हणाली, "मग ठरव. आमच्या खटल्यात आपल्या देशाचा कायदा आपण मांडायचा नाही. भारतीय मुलं डच कायद्यावरून बोलणार, डच मुलं भारतीय कायद्यावरून. आणि ज्याचं त्या भांडणात स्वतःचं काही जळलेलं आहे, त्याला मुद्दाम समोरच्याची बाजू द्यायची."

असला आगाऊ नियम मी आयुष्यात ऐकला नव्हता. तिकीट काढलं.

जळगावहून कोल्हापूरला थेट गाडी आहे. संध्याकाळी बसायचं, दुसऱ्या दिवशी दुपारी उतरायचं. स्लीपरला पाचशेच्या आतबाहेर पडतात, पण थंडीच्या दिवसांत खिडकीची फट बुजवायला टॉवेल हाताशी ठेवा. सकाळी सातारा मागे पडला की डोळे उघडतात. मिरजेनंतर दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. हातकणंगल्याला एक बाई डोक्यावर टोपली घेऊन चढली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "सरका की वो जरा, का समदी सीट इकत घेतलीया?" मी कोर्टात वीस वर्षं भांडतेय, पण मुकाट्यानं सरकले. कोल्हापूर आलं म्हणून समजा.

राहायची सोय अनुनं कसबा बावड्याला केली होती. स्टेशनवरून रिक्षावाले शंभर-सव्वाशे घेतात. कारखान्याचा हंगाम चालू होता, त्यामुळे रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या आणि हवेत मळीचा गोडसर वास. नव्या फ्लॅटांच्या मधूनच एखादं शेत निघतं, आणि त्यात म्हैस निवांत उभी. सामान टाकलं आणि आधी मिसळ हाणली. खान्देशी माणसाला तिखटाचा फार गर्व असतो. माझाही होता. दुसऱ्या वाटीच्या कटाला उतरला. वाढणारा म्हणाला, "पावणं, दही घ्या, लाजू नगा."

दुपारी विधी विभागात गेले. आवार झाडांनी भरलेलं, मोरही दिसतात म्हणे, मला फक्त ओरडताना ऐकू आले. एका वर्गात मुलांची तयारी चालली होती, आणि दारातच माझे पाय थांबले. एका बाकावर एक उंच, पिंगट केसांची डच मुलगी आमच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल समोर घेऊन बसली होती आणि शेजारच्या इचलकरंजीच्या पोराला पटवत होती, की धोक्याचं काम करणाऱ्यानं कितीही काळजी घेतली असली तरी नुकसान झालं की त्यानं भरून द्यायचं, हे तत्त्व तुमच्या देशानं जगाच्या पुढे जाऊन मांडलंय. तो पोरगा तिला त्यांचा डच प्रशासकीय कायदा समजावत होता. ती आपला कायदा त्याच्याकडून शिकत होती, तो आपला तिच्याकडून. मी जागेवर उभी राहून नुसती ऐकत राहिले. पुस्तकातलं वाक्य परक्या तोंडून ऐकलं की ते पहिल्यांदा खरं वाटतं, हा अनुभव मला त्या दिवशी आला. त्या मुलीचं नाव मारिके.

खटला काल्पनिक होता. एक नदी, वर एक देश, खाली एक देश. वरच्या देशाचं धरण काठोकाठ भरतं, दरवाजे उघडतात, खालच्या देशातली गावं बुडतात. गावं नुकसानीचा दावा लावतात. मारिके गावांकडून. धरणाकडून स्नेहल.

स्नेहल मला व्हरांड्यात भेटली. शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी, बारकी, तरतरीत, डोळे मात्र रडून सुजलेले. अनुनं ओळख करून दिली आणि मुद्दाम आम्हाला सोडून गेली. ही मुलगी कुरुंदवाडची. नदीकाठचा मळा. मोठ्या पुरात घर छतापर्यंत पाण्यात गेलेलं, गोठ्यातल्या म्हशी दावणीलाच गेलेल्या, कारण सोडायला वेळच मिळाला नाही.

"आणि तुला धरणाची बाजू दिली?" माझ्या तोंडून निघालंच. "अनु वेडी आहे का?"

"नियम हाय," ती म्हणाली. "आणि मॅडम, या खटल्यातनं एकालाच तिकडं वर्षभर शिकायला जायला मिळतंय. मला जायचंय. लई जायचंय. पण उद्या आण्णा यायलेत."

आण्णा म्हणजे तिचे वडील. मुलीचा खटला पुरावर आहे एवढंच त्यांना कळलेलं, आणि आपली पोरगी गावाकडून भांडणार या आनंदात त्यांनी जीप भरून भावकी आणायची ठरवली होती.

"त्यांना सांगितलंस तू कुठल्या बाजूनं आहेस?"

"न्हाय. सांगितलं तर येऊच देणार न्हाईत. उद्या मी उभाच राहणार न्हाय बहुतेक. घरी जातो." कोल्हापूरच्या मुली "जातो, येतो" म्हणतात, ते एरवी कानाला गोड लागतं. त्या दिवशी मला तिच्याकडे बघवेना. शेवटची काही मिनिटं, हाही अनुचाच नियम, प्रत्येकानं आपल्या मातृभाषेत बोलायचं होतं, कायद्याचा एकही जड शब्द न वापरता. म्हणजे जे बोलेल ते आण्णांना अक्षर न् अक्षर कळणार होतं.

मी न्यायाधीश होते, सल्ला देणं माझ्या पदात बसत नव्हतं. मी तिला चहा पाजला. बाकी काय करणार?

दुसऱ्या दिवशी सभागृह फुल्ल. (अशा सुनावण्या सगळ्यांना खुल्या असतात, तिकीट वगैरे काही नाही. कायद्याशी संबंध नसला तरी जा, फक्त लवकर जागा धरा.) पहिल्या दोन रांगा कुरुंदवाडकरांनी व्यापलेल्या. कडक इस्त्रीचे शर्ट, टोप्या, आणि आखाड्याला आल्यासारखी बैठक. मधोमध आण्णा: रुंद खांदे, भरघोस मिश्या, मांडीवर दोन्ही हात. मंचावर आम्ही तिघं. डच विद्यापीठाचे प्राध्यापक हेंड्रिक, सांगलीचे एक निवृत्त न्यायाधीश, आणि मी.

इंग्रजीतला भाग तासभर चालला. मारिकेनं आमचा कायदा असा मांडला की मला माझ्याच कोटाची नव्यानं किंमत कळली. सरकार म्हणजे लोकांच्या नदीचा फक्त विश्वस्त, जगण्याचा हक्क, निरपवाद जबाबदारी... आपण हे शब्द निकालपत्रातून कापून अर्जात चिकटवतो हो! ही मुलगी त्यावर जीव टाकून बोलत होती. कुरुंदवाडकरांना इंग्रजी कळत नव्हतं, पण ही गोरी पोरगी गावाकडून आहे एवढं त्यांनी ताडलं आणि जोरदार टाळ्या वाजवल्या. हेंड्रिकना टाळ्यांचं कौतुक वाटलं. सांगलीचे न्यायाधीश "शांतता, शांतता" करत होते.

मग स्नेहलचं नाव पुकारलं. ती क्षणभर उठलीच नाही. अनुनं तिच्याकडे पाहिलं नाही, मीही पाहिलं नाही. आणि मग ती उठली. इंग्रजी भाग तिनं धडाधड संपवला आणि प्रेक्षकांकडे तोंड केलं.

"मी धरणाकडनं बोलणार हाय."

पहिल्या रांगेत चुळबुळ झाली. कुणीतरी म्हणालं, "काय म्हणाली ही?"

"मी पाण्यातनं बाहेर आलेली पोरगी हाय. धरणावाल्याला शिव्या देणं मला लई सोपं हाय. लहानपणापासनं त्याच ऐकल्यात. पण त्या वक्ताला धरणावर बी एक माणूस हुता. दरवाजे उघडले तर खालची गावं जाणार. न्हाय उघडले तर धरणच फुटणार, मग गावंबी जाणार आणि पुढची शहरंबी. त्यानं उघडले. मी त्याच्या जागी असतो तर मीबी उघडले असते."

"नुरा कुस्ती!" मागून एकजण ओरडला. नुरा म्हणजे आधीच ठरवून केलेली, खोटी कुस्ती. कोल्हापुरात यापेक्षा मोठी शिवी नाही. हशा पिकला. आणि त्या हशातच आण्णा उठले. पोरीकडे एकदा पाहिलं, आणि सरळ दाराबाहेर चालते झाले. त्यांच्यामागून भावकीतले दोघं-तिघं.

स्नेहलनं ते पाहिलं. बस पोरी, बस खाली, कशाला हा छळ, असं मला खरंच वाटलं.

ती बसली नाही.

"तो माणूस चुकला न्हाय," ती म्हणाली, आता सावकाश. "पण त्याच्या बरोबर वागण्याची किंमत आम्ही मोजली. एकट्यानं. मी ज्यांचा कायदा मांडतोय, त्यांच्यात अशी रीत हाय. सरकार चुकलं नसलं तरी, सगळ्यांच्या भल्यापायी थोड्याच माणसांवर जास्तीचा भार पडला, तर तो भार सगळ्यांनी वाटून घ्यायचा. त्याला मदत म्हणत न्हाईत. मदत मागायला हात पसरावा लागतो. हा हक्क हाय."

अनुकडून भाषांतर ऐकत बसलेले हेंड्रिक पुढे वाकले. त्यांचा प्रश्न अनुनं मराठीत सांगितला: "पण वकीलबाई, तुम्ही तर तुमच्याच अशिलाला पैसे द्यायला लावताय."

"व्हय, लावतोय," स्नेहल म्हणाली. "पण चोर म्हणून न्हाय. चोर म्हणून दंड भरणं येगळं, आणि घरातला मोठा म्हणून खर्च उचलणं येगळं."

खोटं कशाला सांगू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पूरग्रस्तांच्या नुकसानीचे दावे मी चालवलेत. दरवेळी एकच करायचं: कुणाची तरी चूक शोधायची. चूक सापडली नाही की माणूस रिकाम्या हातानं घरी. चूक न शोधताही न्याय मागता येतो, हे मला एका बावीस-तेवीस वर्षांच्या पोरीनं, सातासमुद्रापलीकडच्या कायद्यातून उचलून, कुरुंदवाडच्या मराठीत सांगितलं. आपण किती छोट्या विहिरीत पोहत होतो, बाई!

निकाल आम्ही तिघांनी एकमतानं दिला. गावं जिंकली. मात्र जिंकली ती मारिकेच्या मुद्द्यावर नाही, स्नेहलच्या मुद्द्यावर. ती खटला हरली आणि तिच्या हरण्यातून गावांना भरपाई मिळाली. सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं, मघाशी नुरा म्हणणाराही. वर्षभराची ती जागाही तिलाच जाहीर झाली. स्नेहल मात्र दाराकडे बघत होती. तिथं कुणी नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी पन्हाळ्याला जायचं ठरवलं होतं. राहिलं. सकाळीच अनु आली, "आण्णांनी पोरीशी बोलणं टाकलंय. ती म्हणते, असंच असेल तर मी जाणारच नाही. चल, कुरुंदवाडला जाऊ." मारिकेनंही हट्ट धरला. इचलकरंजीमार्गे गेलात तर स्वतःच्या गाडीनं दीड तास धरा, हंगामात दोन, कारण उसाच्या ट्रॉलीला मागे टाकणं हा तिथं नशिबाचा भाग आहे. एसटीही भरपूर आहेत. वाटेत भडंग घ्या. संध्याकाळी नदीपलीकडच्या वाडीला देवदर्शनाला जाता येतं आणि तिथली बासुंदी वाटीभर खाऊन माणूस थांबूच शकत नाही, हे माझ्या अनुभवावरून.

मळ्यात पोचलो तर आण्णा दारातच. चेहरा आभाळासारखा भरलेला, पण आम्हाला बघून म्हणाले, "या की. पावण्यांशी आमचं भांडण न्हाय." स्नेहल आत चुलीपाशी होती. तिच्याकडे त्यांनी मान वळवूनही पाहिलं नाही. पानं मांडली गेली, तांबडा-पांढरा रस्सा आला, मटणाचा घमघमाट सुटला, आणि बोलणं काही सुरू होईना. वकील आणि प्राध्यापक, दोघी नुसता रस्सा भुरकत राहिलो.

शेवटी मारिकेच बोलली. स्नेहल दारात उभी राहून तिचं बोलणं मराठीत सांगत होती, म्हणजे बापाला ऐकू जाणारा आवाज तिचाच.

"माझं गाव समुद्रापेक्षा खाली आहे. माझे वडील पाण्याच्या कामावर आहेत. पाणी वाढलं की दरवाजे उघडायचे की नाही, हे ठरवणाऱ्यांत ते असतात. काल मी त्यांच्याविरुद्ध बोलले. तो नियम होता."

आण्णांचा घास हातातच राहिला. "म्हंजे तुजा बा धरणावाला?"

"हो."

"मग? रुसला न्हाय त्यो?"

"रुसला ना. फोनवर म्हणाला, आम्ही आधी भोंगा वाजवतो, ते तरी सांगितलंस का त्यांना?"

आण्णा मिशीत हसले. हसू आवरून पुन्हा गंभीर झाले. भाकरीचा तुकडा रस्श्यात बुडवला आणि विचारलं, "लई पाऊस लागला की झोप येती का गं तुज्या बापाला?"

स्नेहलनं प्रश्न इंग्रजीत सांगितला. मारिकेनं मान हलवली. "नाही. स्वयंपाकघरात बसून राहतात. आई चहा करून देते."

"मलाबी येत न्हाय," आण्णा म्हणाले. मग दाराकडे न बघताच आवाज चढवला, "आगं स्नेहल, पावण्यांचं ताट रिकामं दिसंना का तुला? वाढ की."

ती धावत आली आणि सगळ्यांच्या ताटांत इतकं वाढलं की मला उठवेना. दुसऱ्या दिवशी परतीची गाडी होती. पोट तेव्हाही इतकं भरलेलं की मिरजेपर्यंत मी सरळ बसूनच होते.

जळगावला येऊन आता काही महिने झाले. काय उरलं? उसाच्या ट्रॉल्या डोळ्यांपुढे आहेत, मिसळीचा कट जिभेवर आहे. पण खरं उरलंय ते दुसरंच. बांधाचं, वाटणीचं भांडण घेऊन अशील आलं की मी आधी म्हणते, "आता तुमच्या भावाच्या बाजूनं दोन मिनिटं बोला." बहुतेक चिडतात. एकानं वकीलपत्रच काढून घेतलं. आंतरराष्ट्रीय सहकार्याचे करार मोठमोठ्या खुर्च्यांवरच्या लोकांच्या सह्यांनी होतात, असं मी समजत होते. ते एका पंगतीत बसून, एका पोरीच्या तोंडून दुसऱ्या पोरीच्या बापापर्यंत पोचताना मी पाहिलंय, आणि त्याची नवलाई अजून ओसरलेली नाही.

परवा अनोळखी नंबरावरून फोन आला. "मॅडम, वळखलं का? कुरुंदवाडनं बोलतोय, स्नेहलचा बाप."

"आण्णा! पोचली का पोरगी?"

"पोचली की. थंडीनं गारठलीया म्हणं. त्यासाठी न्हाय फोन केला. इथं आमची पूरग्रस्तांची मीटिंग झाली. पोरीनं जाताना बजावलं हुतं, एकानं धरणाची बाजू मांडल्याबिगर मीटिंग चालू करायची न्हाय. कोणच उठंना. शेवटी मीच उठलो."

"तुम्ही? धरणाच्या बाजूनं?"

"व्हय. लई शिव्या खाल्ल्या. चुलतभाऊ म्हणाला, पोरगी तिकडं गेली आन् बाप इकडं फितूर झाला." मागे कुठंतरी म्हैस हंबरली. "पर बोललो, सगळं बोललो. खाली बसलो तवा पाय लटलट कापत हुते, मॅडम. त्या दिवशी पोरगी कशी उभी राहिली आसंल वो? आन् मी तर उठून गेलतो."